थ्री नॉट थ्रीची पुंगळी बुडापाशी वारंवार तुटते: कारण कसे शोधावे आणि उपाय काय करावा

बार व्यवस्थित होतो, नेमही बरा लागतो, आणि मग बोल्ट (काडतुसामागची जागा बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढल्यावर हाती येते ते फक्त पुंगळीचे, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणाचे, बूड. गळ्यापर्यंतचा उरलेला भाग चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, राहिलेला असतो आणि पुढचे काडतूस अर्ध्यावर अडते. जुनी ली-एनफील्ड रायफल बाळगणाऱ्या आणि तिची काडतुसे स्वतः भरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. पहिल्यांदा घडले की माणूस पितळ जुने झाले होते असे म्हणून सोडून देतो आणि तिसऱ्यांदा घडले की रायफलच बाद झाली असे समजून ती विकायला काढतो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत असे माझे मत आहे. बहुतेक वेळा चूक रीलोडिंगच्या टेबलावर झालेली असते, कारण तेथे वापरलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा, म्हणजे डाय, प्रेसमध्ये गरजेपेक्षा खोल बसवलेली असते. मात्र तसे ठामपणे म्हणण्याआधी रायफल तपासून ती निर्दोष आहे याची खात्री करावी लागते आणि हा क्रम उलटा करून चालत नाही.

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात राहतो. माझ्याकडे आहे ती एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड), म्हणजे नंबर १ मार्क ३ स्टार, लिथगोच्या कारखान्यात १९४२ मध्ये बनलेली. मूळची मार्क ३ ब्रिटिश सैन्याने १९०७ मध्ये स्वीकारली आणि तीच बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही दीर्घकाळ बनत राहिली. आपल्याकडे तिला थ्री नॉट थ्री म्हणतात आणि पोलिसांच्या खांद्यावर ती पाहिलेली नाही असा मराठी माणूस माझ्या पिढीत तरी विरळा. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुढील सर्व मजकूर ऑस्ट्रेलियातील परवानाधारकाच्या अनुभवातून आलेला आहे. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे आणि शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, म्हणून भारतातील वाचकांनी हे केवळ या रायफलीच्या यंत्रणेची माहिती म्हणून वाचावे.

आधी माझ्या बाबतीत काय घडले ते सांगतो, कारण निदानाचा धागा तेथेच सापडला. क्लबच्या मैदानावर शंभर मीटरवर नेम धरून मी तिसऱ्यांदा भरलेल्या पुंगळ्यांची खेप उडवत होतो. सातव्या बाराच्या वेळी गालाला गरम वाऱ्याची हलकी झुळूक लागली. आवाजात किंवा धक्क्यात फरक जाणवला नाही. बोल्ट नेहमीसारखा उघडला आणि जमिनीवर पडला तो साधारण नखाएवढ्या उंचीचा पितळी तुकडा, आत प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) जसाच्या तसा बसलेला. मी तो उचलून भिंगाखाली धरला. तुटलेल्या काठाचा सुमारे एक तृतीयांश भाग काजळीने काळा झालेला होता आणि उरलेला दोन तृतीयांश नव्या पितळासारखा लखलखत होता. या काळ्या काठाचा अर्थ असा की ती भेग त्या दिवशी पडलेली नव्हती. आदल्या बाराच्या वेळीच ती उघडली होती, तिच्यातून वायू निसटला होता आणि मी मात्र तीच पुंगळी धुऊन, पुसून, नवा प्राइमर बसवून पुन्हा भरली होती. अपघात कमी आणि हलगर्जी जास्त, असाच तो प्रकार होता.

असे घडले की पहिली गोष्ट म्हणजे मॅगझिन काढून घ्यावे आणि दुसरे काडतूस जोराने आत ढकलण्याचा प्रयत्न कदापि करू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असतोच असे मी गृहीत धरतो, कारण एसएमएलईच्या बोल्ट-हेडमध्ये, म्हणजे बोल्टच्या पुढच्या सुट्या टोकात, निसटलेला वायू बाजूला काढून देणारे छिद्र असले तरी त्याच्या भरवशावर डोळे उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही. अडकलेला भाग काढण्यासाठी तुटकी पुंगळी काढण्याचे खास साधन मिळते. ते काडतुसाच्या आकाराचे असते, ते चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करायचा आणि उघडायचा, की त्याची टोकाकडची कड पुंगळीच्या गळ्यापुढे अडकून संपूर्ण नळकांडे बाहेर येते. लष्करी शस्त्रागारांत हे साधन नेहमी ठेवलेले असे, यावरूनच हा त्रास किती जुना आहे ते कळावे. साधन नसेल तर क्लबच्या शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याकडे रायफल द्यावी. स्क्रूड्रायव्हरने टोकरून चेंबरला ओरखडे पाडलेल्या रायफली मी पाहिल्या आहेत आणि त्या ओरखड्यांत पुढची प्रत्येक पुंगळी चिकटते.

आता पुंगळी तेथेच का तुटते ते पाहू. .३०३ चे काडतूस कडेचे आहे. बुडाशी बाहेर आलेली जाड कड चेंबरच्या तोंडावर टेकते आणि काडतूस किती आत जाईल हे ती कड ठरवते. पुंगळी गळ्याकडे निमुळती होते त्या उताराचे, म्हणजे खांद्याचे, त्यात काही काम नसते. याचा फायदा घेऊन लष्करी चेंबर खांद्याकडे मुद्दाम सैल ठेवले गेले, म्हणजे चिखल, वाळू किंवा थोडे वेडेवाकडे काडतूस असले तरी बोल्ट बंद व्हावा. सैन्याला पुंगळी एकदाच वापरायची होती, तिचे पुढे काय होते याची चिंता करण्याचे त्यांना कारण नव्हते. ती चिंता आपल्या वाट्याला आली आहे.

घोडा दाबल्यावर फायरिंग पिन काडतुसाला पुढे ढकलते, म्हणजे कड चेंबरच्या तोंडाला टेकते आणि बोल्टच्या तोंडाशी फट राहते. दारू पेटते, दाब वाढतो, आणि पुंगळीचा पुढचा पातळ भाग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून बसतो. बूड मात्र जाड आणि भरीव असल्यामुळे फुगत नाही, ते मागे सरकून बोल्टला टेकते. पुढचा भाग हलत नाही आणि मागचा भाग सरकतो, तेव्हा दोहोंच्या मधला पट्टा ताणला जाऊन पातळ होतो. हा पट्टा बुडापासून साधारण एक सेंटिमीटरच्या आतबाहेर असतो. ली-एनफील्डमध्ये यात आणखी एक भर पडते. तिचे लॉकिंग लग, म्हणजे बोल्ट जागी अडकवून धरणारे उंचवटे, बोल्टच्या मागच्या टोकाला आहेत, त्यामुळे बाराच्या वेळी बोल्टची लांबी आणि रिसिव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग) दोन्ही किंचित लवचिकपणे दबतात आणि पुंगळीला तेवढा जास्त ताण बसतो. पुढे लग असलेल्या माउझर पद्धतीच्या रायफलीत हा भाग इतका जाणवत नाही.

येथे माझा खरा मुद्दा येतो. या रायफलीत फटी दोन आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पहिली फट कड आणि बोल्ट यांच्यामधली. कड जेथे टेकते ती जागा आणि बोल्टचे तोंड यांच्यातल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात, त्यातून कडेची जाडी वजा केली की ही फट उरते. दुसरी फट पुंगळीचा खांदा आणि चेंबरचा खांदा यांच्यामधली. पहिल्या बारात पहिली फट त्रास देते. त्या बारात खांदा पुढे फुगून चेंबरला जाऊन भिडतो, आणि तो तसाच राहू दिला तर दुसऱ्या बारापासून पुंगळी खांद्यावर टेकून बसते आणि पहिल्या फटीचे महत्त्वच जवळजवळ संपते. पण आपण काय करतो? पूर्ण लांबीची साइझिंग डाय प्रेसवर पुंगळीचे बूड धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली घेतो, डायच्या डबीतल्या कागदावर तसेच लिहिलेले असते म्हणून. ती डाय खांदा पुन्हा कारखान्यातल्या नव्या पुंगळीच्या जागी मागे ढकलते. पुढच्या बारात तो पुन्हा पुढे फुगतो. दर वेळी तोच पट्टा ताणला जातो आणि लोखंडी तार एकाच जागी वाकवत राहिल्यावर जे होते तेच पितळाचे होते.

हे मी मानत नव्हतो, म्हणून मोजले. त्याच खेपेतील एका पुंगळीच्या बुडापासून खांद्यावरच्या ठरावीक व्यासापर्यंतचे अंतर बार झाल्यावर घेतले, मग तीच पुंगळी डायमधून काढून पुन्हा घेतले. फरक जवळपास पाऊण मिलिमीटरचा आला. एवढे पितळ मी दर खेपेला मागे ढकलत होतो आणि रायफल ते दर खेपेला पुढे ओढत होती. त्यानंतर दुसरी एक पुंगळी व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने उभी चिरली आणि कापलेला काठ कानशीने गुळगुळीत केला. आतल्या बाजूस, बुडाच्या भरीव भागाच्या किंचित वर, भिंतीत नखाने जाणवेल अशी खाच स्पष्ट दिसत होती, जणू आतून कोणी सुतळी आवळून बांधली असावी. बाहेरून त्याच ठिकाणी फक्त फिकट चकचकीत वलय होते. ज्यांना हा प्रकार पहिल्यांदा समजून घ्यायचा आहे त्यांनी एक पुंगळी अशी चिरून पाहावीच, तिची किंमत वसूल होते.

तरीही रायफलीची तपासणी आधी. बोल्ट वेगळा काढून त्याच्या दांड्याच्या मुळाशी कोरलेला क्रमांक रिसिव्हरवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. एसएमएलईचा बोल्ट कारखान्यात त्या त्या रायफलीला घासून बसवलेला असतो, म्हणून दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसला म्हणजे चालला असे होत नाही. दोन्ही लगांवर मार्करचा पातळ थर लावून बोल्ट दहा-बारा वेळा उघडबंद केला तर शाई दोन्हीकडून घासली गेली पाहिजे. एकाच बाजूची घासली गेली तर सगळा भार एकाच लगावर येतो आहे, आणि अशी रायफल जाणकाराने पाहीपर्यंत उडवू नये. या तपासणीत शॉर्टकट नाही.

नंतर हेडस्पेसचे गेज, म्हणजे चेंबरमध्ये घालून पाहायची ठरावीक जाडीची मापे. .३०३ च्या ब्रिटिश लष्करी मापाप्रमाणे ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर बंद होता कामा नये. अमेरिकी नागरी माप यापेक्षा कडक आहे, तेथे ०.०६७ इंचालाच नो-गो (ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये ते गेज) धरतात आणि ०.०७० इंचाला फील्ड गेज (वापरातल्या रायफलीची शेवटची मर्यादा). हा फरक ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ सुस्थितीतील लष्करी रायफली नो-गो गेजवर बोल्ट बंद होतो म्हणून उगाच नापास ठरवल्या जातात. गेज लावताना बोल्टमधून फायरिंग पिन, स्प्रिंग आणि पुंगळी बाहेर ओढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, काढून ठेवावेत, चेंबर आणि बोल्टचे तोंड कोरडे पुसावे, आणि बोल्टच्या दांड्यावर एका बोटापेक्षा जास्त जोर देऊ नये. पिळून बंद केलेला बोल्ट काहीही खरे सांगत नाही. काही जण पुंगळीच्या बुडाला चिकटपट्टीचे थर लावून अंदाज घेतात. गेज हाती नसताना तेवढाच आधार असला तरी पट्टी दबते, त्यामुळे मी त्या आकड्यावर निर्णय घेत नाही.

माझ्या रायफलीचे माप क्लबच्या गेजवर ०.०७० इंचाच्या आसपास निघाले. लष्करी हिशेबात ती पास होती. मग मी पुंगळ्यांच्या कडांची जाडी मायक्रोमीटरने मोजायला बसलो आणि तेथे दुसरा धागा हाती लागला. मापाप्रमाणे कड जास्तीत जास्त ०.०६४ इंच असावी, पण माझ्याकडच्या बाजारी पुंगळ्यांत ती ०.०५८ इंच भरली. म्हणजे गेज सांगत होता सहा थाऊची फट आणि प्रत्यक्षात पुंगळीला मिळत होती बारा थाऊची. थाऊ हा आपल्या वर्कशॉपमधला शब्द, इंचाचा हजारावा भाग. बारा थाऊ म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर. म्हणून गेजने रायफल मोजल्यावर तेथेच थांबू नये, पुंगळीही मोजावी. पुंगळ्या विकत घेताना पाच-दहा नग मोजून जाड कडेची खेप निवडता आली तर अर्धे काम दुकानातच होते.

हेडस्पेस खरोखर जास्त असेल तर बोल्ट-हेड बदलण्याचा उपाय आहे. पुढे आलेल्या नंबर ४ रायफलीत यासाठी ०, १, २ आणि ३ असे क्रमांकित बोल्ट-हेड होते आणि मोठ्या क्रमांकाचे हेड बसवले की फट कमी होई. नंबर १ मध्ये मात्र असे क्रमांक नाहीत. तेथे सुट्या भागांच्या विक्रेत्याकडची चार-पाच हेड मोजून त्यातले किंचित लांब निवडावे लागते आणि ते दोन्ही गेजवर तपासावे लागते. मीही एक हेड शोधले आणि फट चार थाऊने कमी केली. पण ते झाल्यावर, डाय तशीच खोल ठेवून उडवलेल्या वीस पुंगळ्यांमध्ये तिसऱ्या बाराला आतली खाच पुन्हा जाणवू लागली. बोल्ट-हेडने पहिली फट कमी झाली होती. दुसऱ्या फटीशी, म्हणजे खांद्याशी, त्याचा काही संबंध नव्हता. जे लोक महागडी हेड बदलूनही त्रास गेला नाही म्हणून निराश होतात त्यांची गल्लत येथे होते.

आता डायकडे येऊ. सर्वात सरळ उपाय म्हणजे फक्त गळा आवळणारी नेक डाय घेणे. ती खांद्याला शिवतच नाही, त्यामुळे पुंगळी तुमच्या चेंबरचा आकार धरून राहते. नेक डाय नसेल तर पूर्ण लांबीची डायसुद्धा वापरता येते, मात्र ती वर घ्यावी लागते. रीलोडिंगच्या डायला इंचात १४ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा ०.०७१ इंचाचा आणि अष्टमांश फेरा साधारण नऊ थाऊचा. मी डाय आधी शेलहोल्डरपासून एक फेरा वर घेतली, बार झालेल्या एका पुंगळीच्या खांद्यावर निरांजनाची काजळी धरली आणि ती डायमध्ये घातली. काजळी जशीच्या तशी बाहेर आली. मग दर वेळी अष्टमांश फेरा खाली घेत गेलो, आणि ज्या फेऱ्याला खांद्यावरची काजळी जेमतेम पुसली गेली तेथे डायची खोली पक्की करणारी लॉक-रिंग आवळली. तेथे पुंगळी रायफलीत घातल्यावर बोल्ट बंद होताना शेवटी किंचित हाताला जाणवतो. ती जाणीव हवीच आहे. खूप जोर लागत असेल तर अष्टमांशाच्याही अर्ध्याने खाली घ्यावे.

याचा एक परिणाम पत्करावा लागतो. अशी पुंगळी त्याच एका रायफलीची होते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे दोन एसएमएलई आहेत आणि दोहोंच्या पुंगळ्या एकाच डब्यात असत. एकीच्या पुंगळीवर दुसरीचा बोल्ट बंद होईना तेव्हा त्यांनी डायलाच दोष दिला. डब्यावर रायफलीचे नाव लिहावे, एवढाच त्यावरचा इलाज. शिवाय या जुन्या चेंबरमध्ये पुंगळी पुष्कळदा एका बाजूला जास्त फुगते. मी कडेवर कानशीने एक बारीक खूण केली आहे आणि काडतूस घालताना ती खूण वर ठेवतो, म्हणजे फुगलेली बाजू फुगलेल्या जागीच बसते.

नव्या पुंगळीच्या पहिल्या बाराचा प्रश्न उरतो, कारण तिचा खांदा अजून मागेच असतो. येथे ली-एनफील्डवाल्यांची एक युक्ती आहे जी मला सुरुवातीला पोरकट वाटली होती. नळाच्या दुरुस्तीत वापरतात तसली पातळ रबरी ओ-रिंग पुंगळीवरून सरकवून कडेच्या पुढे बसवायची. बोल्ट बंद करताना रिंग दबते आणि पुंगळीला मागे, बोल्टच्या तोंडाशी दाबून धरते. फट मागच्या बाजूला उरतच नाही. बार झाला की खांदा पुढे फुगतो आणि बूड जागचे हलत नाही. हा पहिला बार हलक्या भरणीचाच असावा आणि त्यासाठी रिंग मऊ, पातळ हवी. जाड रिंगवर बोल्ट बळजबरीने बंद करणे हा नवा दोष तयार करण्याचा मार्ग आहे. दुसऱ्या बारापासून रिंगची गरज राहत नाही. माझ्या चाळीस पुंगळ्या या पद्धतीने आकाराला आल्या आणि त्यांतील एकीच्याही आत पहिल्या बारानंतर खाच लागली नाही.

भरणीबद्दल मी जाणूनबुजून आकडे देत नाही. दारूचे वजन हे ज्या दारूचे, ज्या गोळीचे आणि ज्या रायफलीचे आहे तिच्यासाठीच दारू बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून घ्यावे आणि तक्त्यातील सर्वात कमी आकड्यापासून सुरुवात करावी. एवढे मात्र सांगतो की युरोपीय मापात .३०३ चा कमाल दाब ३,६५० बार (येथे बार हे दाबाचे एकक) आहे आणि ७.६२ नाटो या नंतरच्या लष्करी काडतुसाचा ४,१५०. ही रायफल पहिल्या आकड्यासाठी घडवलेली आहे. १९१० च्या मार्क ७ काडतुसाची १७४ ग्रेनची गोळी सेकंदाला २,४४० फूट वेगाने जात असे. त्या वेगाच्या खाली राहिलेल्या भरणीने कागदावरचा नेम माझ्या रायफलीत सुधारला, आणि पुंगळीला ताणही कमी बसतो.

दर खेपेनंतर तपासणी करायची ती अशी. पातळ पोलादी तारेचे टोक घासून धारदार करावे, दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवावे, आणि ती तार पुंगळीच्या तोंडातून बुडापर्यंत घालून भिंतीला घासत वर आणावी. बूड संपून भिंत सुरू होते त्या जागी टोक अडखळले तर पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी, म्हणजे ती चुकून परत डब्यात जाणार नाही. बाहेरचे चकचकीत वलय पाहूनच निर्णय घेऊ नये, कारण डायची कड जेथे थांबते तेथेही तसेच वलय उमटते. अडखळणारी तार फसवत नाही. गळ्याचा प्रश्न वेगळा. तो वारंवार आवळला-फुगवला जाऊन कडक होतो आणि उभा चिरतो, म्हणून चार-पाच बारांनंतर गळा तापवून मऊ करावा. मी पुंगळी बुडाशी बोटांत धरून गळा मेणबत्तीच्या ज्योतीत फिरवतो आणि बोटांना चटका बसू लागला की ओल्या फडक्यावर टाकतो. बूड तापून मऊ झाले तर दाब पेलणार नाही, म्हणून बोटांची ही मर्यादा मला उपकरणापेक्षा सोयीची वाटते.

रायफल जुनी असल्यामुळे तिच्या डागडुजीतूनही हा त्रास उद्भवू शकतो आणि त्यातल्या दोन चुका मी स्वतः केल्या आहेत. पहिली चेंबरची. साठवणुकीचे घट्ट ग्रीस वरून पुसले, पण चेंबरच्या खोबणीत थर राहून गेला होता. चेंबर तेलकट असले की पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर जातो. बुडाचा ताण त्यामुळे कमी दिसतो, मात्र मागच्या लगांवर नको तेवढा भार येतो, म्हणून हा इलाज नव्हे. बार करण्यापूर्वी चेंबर कोरडेच असावे. दुसरी चूक गंजाची. जुन्या लष्करी प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून जो क्षार मागे राहतो तो हवेतली ओल ओढून घेतो. तेल त्याला विरघळवत नाही. पाणीच विरघळवते. म्हणून अशी काडतुसे उडवल्यावर नळी आणि चेंबर उकळत्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मग तेल द्यायचे असते. रायफलीच्या आधीच्या मालकांपैकी कोणीतरी ते केले नव्हते आणि चेंबरमध्ये बारीक खड्डे पडले होते. ते मी ड्रिलला एमरी कागद लावून गुळगुळीत करायला निघालो होतो, तेव्हा क्लबमधल्या एका वयस्कर गृहस्थांनी हात धरला. खड्डा घालवण्यासाठी आजूबाजूचे पोलाद काढले म्हणजे चेंबर मोठे होणार, आणि आपण ज्या सैलपणाशी झगडतो आहोत तोच वाढणार. आता मी काशाचा ब्रश आणि तेल यापुढे जात नाही.

लाकडाचा या दोषाशी संबंध नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लिथगोने पुढच्या दस्त्यासाठी कोचवुड हे मऊ लाकूड वापरले, ते धक्क्याने चेपू नये म्हणून रिसिव्हर टेकतो तेथे तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. दस्ता काढताना त्या तेथेच आहेत का ते पाहावे. माझ्या रायफलीत एक नव्हती आणि नेम पसरत होता, त्याचा दोष मी सहा महिने पुंगळ्यांना देत होतो. खोचे ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून वर आणावेत, सँडपेपर लावून कारखान्याचे शिक्के घालवू नयेत, आणि कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात हाताच्या तळव्याने चोळून द्यावेत.

रायफलीबरोबर मला गंजलेल्या डब्यात काही मूळची काडतुसेही मिळाली होती. त्यातल्या अकरांच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरे आहेत, म्हणजे ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. माझे बालपण त्या कारखान्याच्या भोंग्याच्या टापूत गेले, त्यामुळे ती हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. ती भरण्याच्या मात्र कामाची नाहीत. त्यांचे प्राइमर बर्डन पद्धतीचे आहेत, बुडात मधोमध एक छिद्र नसून दोन बारीक छिद्रे असतात आणि नेहमीच्या डायची पिन त्यावर आपटून मोडते. शिवाय इतक्या जुन्या लष्करी पितळाचा भरवसा धरून पुन्हा दाब देण्यात अर्थ नाही. ती अकरा काडतुसे परवान्याच्या नियमाप्रमाणे कुलपात आहेत.

सध्या वापरात असलेल्या चाळीस पुंगळ्यांचा नववा बार गेल्या महिन्यात झाला. दोन गळ्याशी चिरल्या, त्या टाकल्या. उरलेल्या अडतिसांत तार कोठेही अडखळली नाही. लांबी मोजली तेव्हा सहा पुंगळ्या २.२२२ इंचांच्या कमाल मापाला टेकल्या होत्या, त्या २.२१२ पर्यंत कापून घेतल्या. डायची लॉक-रिंग आवळल्यापासून हललेली नाही, तिच्यावर आणि डायच्या अंगावर मी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली आहे आणि प्रत्येक खेपेच्या आधी ती जुळते का तेवढे पाहतो.